साळुबाईच्या नाकातली काडी

साळुबाईला नाकात हिरा घालायचा होता. लपवण्यासारखी गोष्ट नाही ही. पण तिने ती लपवली, आणि इतकी वर्षं लपवली की शेवटी पोराच्या लग्नात होणाऱ्या सुनेच्या आडून ती बाहेर काढायची पाळी आली. साठीला टेकलेली बाई. गोठ्यात दुभत्या म्हशी, डेअरीचं खातं तिच्याच नावावर, पोरगा चाकणच्या कंपनीत कायम झालेला. मागितला असता तर पोराने नाही म्हटलं नसतं. पण मागायचा कोणत्या तोंडाने? साळुबाई विधवा होती, आणि आपल्याकडे विधवेच्या नाकावर तिच्यापेक्षा गावाचा हक्क जास्त.

महाळुंगे पडवळच्या पुढे, डांबरी रस्ता सोडून आत वळलं की त्यांची वस्ती लागते. भावकीचीच घरं, एकमेकांच्या ओट्यावर नजर पडेल अशी. साळुबाई मूळची ओतूरची लेक. लहानपणी सोनाराने नाक टोचलं तेव्हा ती रडली नाही, तार घातल्याबरोबर तिने आरसा मागितला, असं तिची आई सांगायची. नाक होतंच तसं. सरळ, शेंड्याला किंचित उचललेलं. रंग सावळा, दात जरा पुढे, यावर कोणी बोललं तर ती हसून सोडून द्यायची. नाकाच्या बाबतीत मात्र तिने कधी कोणाचं ऐकून घेतलं नाही.

लग्नानंतर भिमाजीने तिला मंचरच्या बाजारातून चमकी आणली. सोन्याच्या कोंदणात एकच पांढरा गोल खडा. खडा खोटा आहे हे त्याने आणतानाच सांगितलं, भिमाजी तसा सरळ माणूस. "पुढच्या कांद्याला खरा घीन," म्हणाला. पुढचा कांदा आला आणि विहिरीत गेला, म्हणजे विहिरीवर मोटर बसली. त्याच्या पुढच्याची पाइपलाइन झाली. मग म्हैस, मग सुदर्शनची शाळा. साळुबाईने कधी कुरकूर केली नाही. रोज सकाळी दात घासून झाले की त्याच ब्रशाने ती चमकीही घासायची, त्यामुळे तो खोटा खडा वस्तीतल्या खऱ्यांपेक्षा जास्त चमकायचा.

सुदर्शन बारावीत होता तेव्हा भिमाजी गेला. गोठ्यात धार काढायला बसला आणि बसल्या जागी कलंडला, म्हशीला सुद्धा कळलं नाही. बायका जमल्या. बायकांनी जे करायचं असतं ते केलं. कुंकू पुसलं, बांगड्या फुटल्या, मंगळसूत्र निघालं. चमकीची फिरकी तेवढी निघेना, इतक्या वर्षांची घट्ट बसलेली. थोरली जाऊ चांगुणाबाई पुढे झाली. तिने साबण लावून पाहिला, पिळून पाहिलं, आणि शेवटी ओढून काढली. नाकातून रक्त आलं. नवरा अंगणात निजवलेला, घर आक्रोश करतंय, आणि साळुबाईच्या डोक्यात एकच: नाक फाटलं तर नाही ना? या विचाराची तिला पुढे फार लाज वाटायची, पण विचार आला होता हे खरं.

"ऱ्हाऊ द्या आता. भोक बुजंल आपसूक," चांगुणाबाई म्हणाली.

चांगुणाबाई वाईट नव्हती. त्या साऱ्या दिवसांत दोन्ही घरचा स्वयंपाक तिनेच केला, सुदर्शनला परीक्षेला बसवलं, म्हशी सांभाळल्या. रीत पाळणारी माणसं वाईट असती तर सगळंच सोपं झालं असतं.

त्या वर्षी श्रावणाच्या तोंडाला दिलशाद वस्तीवर आली. दिलशाद जुन्नरची बांगडीवाली. तिचा नवरा मेहबूब डोक्यावर पेटी घेऊन थेट तळेघरपर्यंत चालत जायचा, तिकडे एसटी कधी येईल ते एसटीलाही माहीत नसायचं. तो गेल्यावर पेटी दिलशादने उचलली. तिने ओट्यावर बांगड्या मांडल्या, साऱ्या बायका गोळा झाल्या, आणि साळुबाई आतून चहा पाठवून गोठ्यात जाऊन बसली. दिलशाद सगळं आवरून गोठ्यात गेली. साळुबाईची हनुवटी धरून तिने तोंड उजेडाकडे फिरवलं.

"भोक बुजू देऊ नगं."

"आता कशाला ठिवायचं?"

"कशाला ते मागनं बगू. येकदा बुजलं का पुन्हा टोचावं लागंल, आन् तुझं आता कोन टोचल? आमच्यात इद्दत असती. चार-साडेचार म्हैनं पाळायची, मंग सपतं. मेहबूब गेला तवा मीबी पाळली. तुमच्यात तर सपतच न्हाई."

गोठ्याशेजारच्या लिंबाची बारीक काडी तिने मोडली, चाकूने तासली, आणि अलगद साळुबाईच्या नाकात सरकवली. काडी बसली ती बसलीच.

लोकांनी विचारलं, तर साळुबाई सांगायची, ओढली तेव्हापासून नाक पिकतंय, लिंबाने बरं वाटतं. कडुलिंबाचं नाव घेतलं की आपल्याकडे पुढे कोणी विचारत नाही. वस्तीने मान डोलावली आणि साळुबाईची काडी तिच्या चष्म्यासारखी तिच्या तोंडाचाच भाग झाली. काडी वाळली की ती नवी तासायची. तासलेल्या काड्या काडेपेटीच्या रिकाम्या डबीत भरून खिडकीत ठेवलेल्या असत.

सुदर्शनला तेवढी काळजी लागली. पहिला पगार हातात आल्यावर तो आईला मंचरला नाकाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी काडी उपटली, बॅटरी मारून बघितलं आणि सांगितलं की नाक उत्तम आहे, काडी घालणं बंद करा. वर मलम दिलं. परतीच्या एसटीत सुदर्शनचा डोळा लागला तेवढ्यात साळुबाईने कनवटीची डबी काढून नवी काडी बसवली. मलम म्हशीच्या सडाला लावलं, तिला चांगला गुण आला. पोराने पुढे नाद सोडला. आईचा हट्ट, दुसरं काय!

मध्यंतरी आसपासच्या गावांतून विधवा प्रथा बंद करायचे ठराव झाल्याच्या बातम्या आल्या. वस्तीवरच्या बायकांनी त्या मोबाइलवर पाहिल्या, बरं झालं बाई म्हणाल्या. पुढच्या संक्रांतीला चांगुणाबाईकडे हळदीकुंकू झालं. साळुबाईला बोलावणं आलं नाही. तिळगूळ मात्र घरपोच आला, वाटीभर जास्तच. ठराव कागदावर होतो आणि रीत चुलीपाशी बसलेली असते, तिला कोण उठवणार.

तर अशी ती काडी आणि असा तो हिरा. आणि मग सुदर्शनचं लग्न ठरलं.

मुलगी नारायणगावची, तेजस्विनी. मंचरला एका दवाखान्यात नर्स. पाहायच्या कार्यक्रमाला ती पोह्यांच्या बशा घेऊन आली तेव्हा बाकीच्यांनी तिची उंची पाहिली, शिक्षण विचारलं, चांगुणाबाईने चालायला लावलं. साळुबाईने फक्त नथ पाहिली. मुलीच्या नाकात ठसठशीत मोत्यांची नथ होती आणि ती तिला शोभत होती. त्याच वेळी साळुबाईच्या मनात बेत शिजायला लागला.

बेत असा. साखरपुड्याला मुलीला हिऱ्याची अंगठी घालायची हे सुदर्शनने आधीच ठरवलं होतं. त्याच खरेदीत सुनेच्या नावाने हिऱ्याची चमकी घ्यायची, दुधाच्या पैशातून, सासूची भेट म्हणून. पैसा आपला, त्यामुळे खडा आपण पसंत करायचा. लग्न झालं, चार दिवस गेले, की सुनेला म्हणायचं, तुला नथ शोभते, ही काय तू घालत नाहीस, पडून राहण्यापेक्षा मी घालते. सून नाही म्हणणार नाही, नव्या सुना म्हणत नाहीत. राहता राहिला गाव. त्यावरही तिने तोडगा काढला होता, आणि त्या तोडग्याचा तिला मनातून फार अभिमान होता. खडा चौकोनी घ्यायचा.

नारायणगावच्या चौकात एका पेढीची मोठी जाहिरात लागली होती, तीत चौकोनी हिरा होता. खडीसाखरेच्या खड्यासारखा. तो बघता बघता साळुबाईला सुचलं, की गोल खड्याची चमकी ही सवाष्णीची. नथ सवाष्णीची, सात खड्यांची फुली सवाष्णीची. हे सगळं रीतीत येतं. पण चौकोनी खड्याबद्दल कोणाच्या आजीने काही सांगून ठेवलेलं नाही. कारण कोणाच्या आजीने तो पाहिलेलाच नाही! कोणी बोट दाखवलंच तर म्हणायचं, ही चमकी नव्हेच बाई, हे काहीतरी नवीन आहे, सुनेचं आहे. वकिलाने ऐकलं असतं तर आपला काळा कोट काढून तिला घातला असता.

अंगठीचं ऐकून चांगुणाबाईने नाक मुरडलं होतं. "आत्ताच हिरं घाला तिला. उद्या नाकापेक्षा मोती जड व्हईल, मंग सांगायला येऊ नगा." साळुबाईने निमूट ऐकून घेतलं. चांगुणाबाईला दुखवून चालणार नव्हतं. हळदीला वराच्या आईच्या जागी तिलाच उभं राहायचं होतं. साळुबाई विधवा, म्हणून सुदर्शनला पहिली हळद थोरल्या चुलतीने लावायची, असं बोलणी व्हायच्या आधीच धरून चाललेलं होतं. कोणी तिला विचारलं नव्हतं आणि तिनेही विचारलं नव्हतं.

खरेदीला तिघं जुन्नरला गेली. साळुबाई, सुदर्शन आणि तेजस्विनी. बाजारपेठेतली ज्ञानेश्वर शेटची पेढी सुदर्शनच्या मित्राने सुचवली होती. समोरच्याच बोळात दिलशादचं आताचं बांगड्यांचं दुकान. गुडघ्यांनी संप केल्यापासून तिने पेटी बंद करून हे टपरीवजा दुकान थाटलं होतं.

ज्ञानेश्वर शेट चहा सांगून निळ्या मखमलीचे ट्रे मांडायला लागले. अंगठीचा निकाल तेजस्विनीने पटकन लावला. सुदर्शनने मोबाइलवर बदामाच्या आकाराचा खडा पसंत करून आणला होता, तो तिने बाजूला सारला.

"टोकवाला नको. हातमोजा फाटतो माझा. दिवसातून शंभरदा मोजे घालते मी. त्यापेक्षा लंबगोल द्या, आणि वर न आलेला, कोंदणात बसवलेला."

साळुबाईला मुलगी एकदम आवडली. हाताला काय काम आहे ते पाहून खडा घेणारी बाई संसार नीट करते, असं तिला वाटलं. वाटलं, आणि थोडं ओशाळायलाही झालं, कारण या शहाण्या पोरीला आपण आता फसवणार होतो.

"शेट, नाकातल्या दावा," ती म्हणाली. "सुनंला. माझ्याकडनं."

सुदर्शनने आईकडे कौतुकाने पाहिलं. शेटनी दुसरा ट्रे काढला. त्यात आकार तरी किती! शेट एकेक चिमट्याने उचलून दाखवत होते. हा थेंबाचा, सध्या याला फार मागणी आहे.

साळुबाईने तो हातात घेऊन आपल्या नाकाजवळ धरला, काडीच्या वर, आणि आरशात पाहिलं. "ह्यो नगं. सर्दी झाल्यावानी दिसतं."

शेट हसले. दोन्हीकडे निमुळता दाखवला, तर ती म्हणाली काकडीचं बी. बदामाचा दाखवला, तर पत्त्यातला. गोल शेटनी स्वतःहून काढला, साधा, एकच खडा, पिवळ्या सोन्यात. साळुबाईने त्याला हात लावला नाही. नुसतं पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"चौकोनी हाय का?"

"आहे की. पण मावशी, चौकोनीला कोपरे असतात. पदर अडकतो, टॉवेल अडकतो. नाकात गोलासारखा सुखाचा आकार नाही."

"असू द्या. चौकोनीच."

आणि तिने तो चौकोनी खडाही आपल्याच नाकाशी धरला, मान इकडे तिकडे करून पाहिला. नाकावर तो कोणीतरी नोटीस चिकटवल्यासारखा दिसत होता. पण बोट ठेवायला कोणाला जागा नव्हती त्यात. "ह्योच द्या," ती म्हणाली.

तेव्हा तेजस्विनी हळूच म्हणाली, "आई, पण माझं नाक टोचलेलं नाही."

साळुबाईला आधी कळलंच नाही. "आगं, नथ व्हती की तुज्या नाकात."

"ती चापाची होती. दाबून बसवायची. कार्यक्रमापुरती मैत्रिणीची आणली होती."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. दुसरी एखादी सासू म्हणाली असती, मग टोच की, काय बिघडलं. साळुबाईला ते सुचलं नाही. तिच्या हातातला चौकोनी खडा अजून तिच्याच नाकाशी होता, आणि समोरच्या आरशात तो, ती काडी आणि मागे बसलेली दोघं, सगळं एकदम दिसत होतं.

"मग ही कुणाला घेत होतीस आई?" सुदर्शनने विचारलं. त्याच्या बोलण्यात काही नव्हतं, खरंच कळत नव्हतं त्याला.

तेजस्विनी मात्र काडीकडे बघत होती. नर्स ती. न पिकलेलं नाक तिला लांबूनही कळत होतं. तिने काही विचारलं नाही, आणि ते न विचारणंच साळुबाईला सोसेना. तिने खडा ट्रेमध्ये ठेवला. "मी जरा दिलशादला भेटून येते," म्हणाली आणि चपला अर्धवट घालून बाहेर पडली.

दिलशाद दुकानात बसून बांगड्यांचे डझन दोऱ्यात ओवत होती. साळुबाई स्टुलावर बसली आणि तिने सगळं सांगितलं, बेत, चौकोनी खडा, चापाची नथ. दिलशाद ऐकून घेईल, पाठीवरून हात फिरवील असं तिला वाटलं असावं. दिलशाद आधी पोट धरून हसली. मग डोळे पुसून एकदम चिडली.

"ताकाला जाती आन् भांडं लपवती व्हय गं? इतकी वरसं म्या काडी कशापायी घालायला लावली तुला? सुनंच्या नावानं चोरून घालायला? आन् चौकोनी! तुला आवडतो का चौकोनी?"

"न्हाई."

"मंग?"

"त्येच्यावर कुनी बोलनार न्हाई."

"साळू, बोलनारं काय खडा मोजून बोलतात का? चौकोनी घातला तरी बोलनार, गोल घातला तरी बोलनार. बोलून घ्यायचंच हाय तर आवडीचा घालून घे की."

साळुबाईने ओवलेल्या बांगड्या उगाच सारख्या केल्या. भीती गावाची नव्हती, चांगुणाबाईचीही नव्हती तितकी. सुदर्शनची होती. आईला बापाचं दुःख नाही असं त्याच्या मनात आलं तर? ही गोष्ट तिने दिलशादलाही कधी सांगितली नव्हती, आता सांगितली.

"त्येला इचार जाऊन," दिलशाद म्हणाली. "मला काय इचारती? मी काय त्याची आई हाय?"

साळुबाई परत आली. पेढीत तिघंही तशीच बसलेली, चहा निवून गेलेला. तिने गादीवर बसून पदर सावरला आणि पोराच्या तोंडाकडे न बघता म्हणाली, "ती चमकी मला पायजे व्हती. सुनंला न्हाई. मला."

सुदर्शनला काडी आता कळली. कळल्यावर त्याचं तोंड उतरलं. "म्हणजे नाक पिकत नव्हतंच? इतकी वर्षं?"

"न्हाई पिकत."

"मला सांगायचं नाही का आई?"

"तुला सांगितलं का तू डॉक्टरकडं न्हेतो."

ज्ञानेश्वर शेट खोकल्याचं निमित्त करून ट्रे पुसायला लागले. सुदर्शन हसला, पण त्याचे डोळे भरले होते, आणि ते लपवायचं त्याला जमलं नाही. "दादा कांद्याला खरा घेणार होते ना?" तो म्हणाला. ही गोष्ट त्याला माहीत आहे हेच साळुबाईला माहीत नव्हतं. भिमाजीने, म्हणजे त्याच्या दादांनी, कधीतरी वावरात बोलता बोलता पोराला सांगितलेलं असणार. तिला एवढं बरं वाटलं की क्षणभर तिला हिराही नको झाला.

"मग चौकोनी बांधू का?" शेटनी विचारलं.

"न्हाई. त्यो गोल दावा मगाचा."

"मघाशी तर चौकोनीच म्हणत होता मावशी."

"चौकोनी घातला तर परत्येकाला सांगत बसावं लागंल, का ह्यो त्यातला न्हवं म्हनून. गोलाचं काय सांगायचंच न्हाई. बघनाऱ्याला बघताच कळतंय."

शेट म्हणाले, भोक लहान झालं असेल, आधी तार घालू, पंधरा दिवसांनी खडा बसवू. तेजस्विनी म्हणाली, थांबा, मी बघते. तिने हात धुऊन घेतले, साळुबाईच्या नाकातली काडी अलगद ओढून काढली आणि चमकीची दांडी त्या जागी टेकवली. दांडी सरळ आत गेली. काल काढून आज घालावी तशी.

वस्तीवर आल्यावर साळुबाईने तोंड लपवलं नाही, पण दाखवायलाही गेली नाही. संध्याकाळी ती ओट्यावर लसूण सोलत बसली होती. चांगुणाबाई समोरून आली, आली ती पायरीपाशीच थांबली.

"खरा हाय?"

"खरा हाय, आक्का."

"गोलच घेतला."

"गोलच."

चांगुणाबाई पायरीवर बसली. दोन पाकळ्या तिने सवयीने सोलल्या. "म्या वढली तवा रगत आलं व्हतं," ती म्हणाली.

"आलं व्हतं."

"आत्ता दुखलं?"

"न्हाई दुखलं."

एवढं बोलणं झालं आणि मग चांगुणाबाईला आपण कोण आहोत ते आठवलं असावं. ती उठली. "पोराचं लगीन तोंडावर आन् तुला नाक सजवायचं सुचतंय. लोकं मला इचारतील, धाकटीला काय झालं म्हनून. मी काय सांगू? हळदीला यायचं का न्हाई त्ये मी बगते." आणि सोललेला लसूण तिथेच टाकून निघून गेली.

त्यानंतरचे दिवस साळुबाईला कठीण गेले. चांगुणाबाई आली नाही तर हळद लावणार कोण? भावकीतल्या बाकीच्या सवाष्णी तिच्या तोंडाकडे बघून चालणाऱ्या. पोराचं लग्न आपल्या नाकापायी अडलं असं जन्मभर ऐकावं लागेल. एकदा तर तिने फिरकीला हातही लावला होता. सुदर्शन कामावरून येऊन हातपाय धूत होता, त्याने ते पाहिलं. "काढलीस तर मी लग्नाला उभा राहणार नाही," तो म्हणाला, आणि टॉवेल घेऊन आत गेला. साळुबाईने दुसऱ्या दिवशी बंब पेटवताना खिडकीतली काडेपेटीची डबी काड्यांसकट आत टाकली. वाळलेला लिंब, भुरकन जळाला.

हळदीच्या दिवशी मांडवात सगळं तयार होतं. वाटण झालं होतं, पाट मांडला होता, सुदर्शन बनियनवर बसला होता, फोटोवाला दिवा रोखून उभा होता. सवाष्णी आल्या होत्या आणि एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. चांगुणाबाईचा पत्ता नव्हता. साळुबाई मांडवाच्या मेढीमागे उभी होती, विधवा आया उभ्या राहतात तिथे.

चांगुणाबाई आली. उशिरा आली, हिरवं लुगडं नेसून आली, आणि आल्या आल्या वाटण पातळ झालंय म्हणून सगळ्यांवर ओरडली. पाटासमोर बसून तिने वाटी हातात घेतली. बोटं बुडवली. मग थांबली आणि मागे वळून मेढीकडे बघितलं. फोटोवाल्याच्या दिव्यात तिथून काहीतरी लकलकत होतं.

"काय खांबामागं लपलीस? तिथनंबी चमकतंय त्ये," ती म्हणाली. आवाज अगदी तोच, भांडी घासायला सांगताना असतो तो. "येवढं नाकात घातलंयस, तर आता हातबी घाल. हिकडं ये. तुझं पोरगं हाय, माझं न्हाई."

आणि वाटी तिने जवळजवळ फेकल्यासारखी साळुबाईच्या हातात कोंबली. मांडवातल्या एकीने तोंड उघडलं होतं, चांगुणाबाईने तिच्याकडे एकदा बघितलं, ते मिटलं.

साळुबाईने पोराच्या दोन्ही गालांना हळद लावली. नंतर कपाळाला, नंतर दंडांना. डोळे भरून तिला नीट दिसेना म्हणून थोडी त्याच्या डोळ्यात गेली आणि तो ओरडला, आणि सगळे हसले.

तेवढ्यात कधीतरी फोटो निघाला. लग्नाच्या अल्बममध्ये तो पहिल्याच पानावर आहे. त्यात साळुबाईच्या नाकावरचा हिरा पांढरा नाही, पिवळा दिसतो. डोळे पुसताना हळदीचा हात लागला होता.